भिंतीवरचे पुंजणे

इश्वरला बसायचं ठाऊकच नव्हतं, ही चंद्रभागाबाईंची त्याच्याबद्दल कायमची तक्रार. मलेरियाचा हा कर्मचारी लाखांदूरहून एसटीने यायचा, तापाच्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, आणि पाणी पुढे केलं तर उभ्याउभ्याच पिऊन चालू पडायचा. माणूस आहे की कावळा, असं बाई आपल्या सुनेला म्हणायच्या. सून रुखमा पदराआड हसायची. त्या पावसाळ्यात तिला सातवा महिना होता.

सारं गाव रोवण्याच्या चिखलात असताना तो असाच आला आणि चावडीच्या भिंतीवर गेरूने चित्र काढून गेला. गावाचे चार मोहल्ले, म्हणून धानाचे चार पुंजणे, मळणीआधी शेतात रचतात तशा गंजी. ज्या मोहल्ल्यात तापाचे रोगी जास्त, त्याचा पुंजणा उंच. साहेबाने नुसते खांब काढायला सांगितले होते. पण खांब कोणाला कळतील, धान साऱ्यांना कळतं, असा त्याने आपला विचार केला. खाली नीट लिहूनही ठेवलं. पुढे झड लागली, पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी अक्षरं धुऊन गेली आणि वळचणीखाली पुंजणे तेवढे राहिले.

बाईंना सहीपुरतीच अक्षरं येत, पण पुंजणा त्यांना कोसावरून ओळखू आला असता. चित्रातल्या देवळाच्या खुणेवर उभा होता तो त्यांच्या वरच्या मोहल्ल्याचा, आणि तोच सगळ्यांत उंच. तलावाकडच्या मोहल्ल्याचा, म्हणजे टोलीचा, जेमतेम गुडघाभर. त्या दिवसापासून बाईंची मान ताठ झाली. टोलीतली बायाबाई मासे विकायला आली तर तिला त्यांनी ऐकवलं, की तुमचा पुंजणा बकरी एका दमात खाईल. बायाबाईही काही कमी नव्हती. भिंतीवरचं धान शिजत असेल तर शिजवा, म्हणाली, आणि टोपली उचलून गेली.

श्रावणात फवारणीवाले आले. पोळ्यासाठी बाईंनी भिंती नुकत्याच पांढऱ्या मातीने पोतारल्या होत्या, त्यावर औषधाचे डाग त्या कशाला पडू देतील? दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ज्यांचा पुंजणा बुटका त्यांच्या घरी मारा, आमचं चांगलं आहे हे सरकारनंच भिंतीवर काढून ठेवलं आहे. बाईंचं दार बंद झालं तशी मोहल्ल्यातली सगळीच दारं बंद झाली. फवारणीवाल्यांचं ओझं हलकं झालं. ते हुज्जत न घालता पुढे गेले.

भादव्यात रुखमाला हुडहुडी भरली. गोधड्या टाकून बाई स्वतः तिच्यावर पालथ्या पडल्या, तरी थंडी हटेना. मग अंग तव्यासारखं तापलं आणि ती भलतंच बोलू लागली. मुलगा यादोरावने तिला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, पण नाल्याला पूर होता. पाणी उतरायची वाट पाहत तो काठावर बसून राहिला. पूर उतरेतोवर रुखमा गाडीतच गेली, पोटातल्या जिवासकट.

रुखमाचं तेरावं झाल्यावर इश्वर आला. बाई चावडीच्या ओट्यावर बसल्या होत्या. एवढा उंच पुंजणा देऊन देवानं आमच्यावरच कसा घाला घातला, असं त्यांनी त्याला विचारलं. त्याला आधी काहीच उमगेना. उमगलं तेव्हा तो मटकन खाली बसला. या गावात कोणाजवळ बसायची त्याची ती पहिलीच वेळ. पुंजणे कशाचे होते, ते त्याने खाली मान घालून सांगितलं. बाईंनी वळून भिंतीवरच्या आपल्या पुंजण्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते कधीच आटलं होतं.

"इश्वर, तुले हात आहे, तोंड नाही," त्या म्हणाल्या. "फवारणीवाल्यायले मी परत धाडलं. ते माह्या मानेवर आहे, त्यातला वाटा मी तुले देत नाही. पण पुंजणा उंच झाला का आमच्या घरी पुरणाचा सैपाक होते, हे तुले कसं दिसन? कोणाच्या ओट्यावर तू बसलास कधी? हे सारं पुसून टाक. तापाचं दाखवाचं असन तर खड्डे काढ. जिथं ताप जास्त, तिथं खोल. आन काढून झालं का पळू नको, इथंच बस, येणाऱ्याजाणाऱ्याले तोंडानं सांग. पहिला खड्डा देवळाजवळ काढ. किती खोल, ते मी सांगीन."