सव्विसाचे नऊ झाले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पकडमापक आहे. माझी दांडी मुठीत आवळली की काटा फिरतो आणि हातात किती किलोचा जोर आहे ते सांगतो. मला बोलायची सवय नाही, नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. पण राग गिळून गिळून आता माझी स्प्रिंग अवघडली आहे.

कारखान्यात एका कारागिराने दांडीला वजने टांगून मला खरे सांगायला शिकवले. तिथून मी एका इस्पितळात आलो. त्या विभागात बिघडलेले रक्त नव्याने तयार व्हावे म्हणून रोग्यांच्या शरीरात निरोगी मूळ पेशी सोडतात. सुरुवातीला माझे फार कौतुक होते. उपचारांआधी आणि नंतर प्रत्येक जण मला दाबायचा. मग नवे तक्ते छापून आले. त्यांत ताप होता, वजन होते, रक्तातल्या पेशी होत्या. पकडीचा रकानाच नव्हता! पंख्याने कागद उडू नयेत म्हणून डॉक्टरांनी मला त्यांच्यावर ठेवले. खरे सांगणाऱ्याचे हे काम?

एक दिवस शिंपीणबाई तपासणीला आल्या. त्यांना पेशी देऊन तीन महिने झाले होते. सोबत नवरा आणि सासूबाई.

"बघा डॉक्टर, कसं बाळसं धरलंय!" सासूबाई म्हणाल्या. "दोन किलो वाढली."

"रक्तही छान आहे," डॉक्टर म्हणाले.

"पण डॉक्टर, मला कात्री चालवता येत नाही हो," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. "जाड कापड तर सोडाच, अस्तरसुद्धा नाही. कापता आलं नाही तर माझं दुकान कसलं?"

"कात्रीच रुसली असेल," नवरा म्हणाला. सगळे हसले. शिंपीणबाई हसल्या नाहीत.

मी तिथेच होतो, त्यांच्याच कागदांवर! एक वीतभर अंतरावर. पण मला हात नव्हते.

त्या उठू लागल्या तेव्हा नवऱ्याने त्यांना काखेत धरून उचलले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई नेमक्या दारात होत्या. त्यांनी ते पाहिले आणि कागदांवरून मला उचलून शिंपीणबाईंच्या हातात दिले. काटा नऊवर थांबला. बाईंनी जुनी वही काढली. उपचारांआधी सव्वीस होते.

"पण वजन वाढलंय ना?" डॉक्टर म्हणाले.

"औषधांनी पाणी भरलंय, सर. मांस झडलंय. घरी काय खाता हो तुम्ही?"

"पातळ सूप," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "बाधेल म्हणून डाळ, अंडी, दूध सगळं बंद केलं मी. आणि ऊन नको म्हणाले होते, म्हणून पडदेसुद्धा उघडले नाहीत."

आता सांगा, मी चिडू नको? या उपचारांनंतर ऊन टाळायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण स्नायूंच्या ताकदीला लागणारे, उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व मग कुठून येणार, ते कोणी सांगायचे? तपासले तेव्हा ते रक्तात जेमतेम होते. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "मी जपत होते हो तिला," त्या म्हणाल्या. त्यांच्यावर मला रागावता आले नाही. नुसते तक्त्यातले आकडे पाहून खूश झालेल्या डॉक्टरांवर मात्र मी अजून रागावलेला आहे.

डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे औषध दिले. नीट शिजवलेली डाळ आणि अंडी, उकळलेले दूध सुरू झाले. बाईंनी रोज खुर्चीवरून उठबस करायला लावली. एकट्या औषधाने हे झाले असे मी म्हणणार नाही. मला तेवढे कळतही नाही. महिन्याने काटा अकरावर गेला. चार महिन्यांनी सतरावर.

"काल अस्तर कापलं," शिंपीणबाई म्हणाल्या. "कोटाचं कापड अजून नाही जमत." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "पण मी तीन महिने सांगत होते, डॉक्टर. घरीही, इथेही."

डॉक्टरांनी पेन उघडले आणि छापील तक्त्याच्या कडेला, रकाना नव्हता तिथे, सतरा लिहिले.

मित्रांनो, माझ्यासारखा मापक तुमच्या घरी नसेल. पण मोठ्या दुखण्यातून उठलेले कोणी म्हणाले, "डब्याचं झाकण उघडत नाही गं," तर झाकण उघडून देऊन मोकळे होऊ नका. कधीपासून उघडत नाही, ते विचारा.