डोळ्यांवर येणारं घर

मावशींनी रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढली. पांढऱ्या चादरी, पांढरे अभ्रे, पांढरे डगले. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भेट द्यावी तरी काय, तर पांढरी शाल. तिची घडी मोडायच्या आतच मावशींनी ठरवून टाकलं, घराला बाहेरून रंग द्यायचा तो असा, की पांढऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

घर त्यांच्याच कमाईचं, गल्लीच्या वळणावरचं. खाली दोन खोल्या, वर एक. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या वतीने विचार करायचं काम थोरल्या भावाने, दादाने, स्वतःकडे घेतलं होतं. मावशींचा फ्रीज त्याने निवडला, डोळ्यांचा डॉक्टर त्याने निवडला, चष्म्याची काडीसुद्धा त्यानेच. मावशी चालवून घेत. माणूस मायेपोटी करतो, त्याला काय बोलायचं?

पण त्या सकाळी भाजी घेऊन परत येतात तर दारात परांची बांधलेली आणि रंगारी वीस लिटरच्या डब्याचं झाकण उचकटतोय. आत बदामी रंग.

"हा कुणी सांगितला?"

"दादांचा फोन आला होता. म्हणाले, बहिणीशी बोलणं झालंय."

"झाकण लावा."

"मावशी, डबा फुटला. दुकानदार आता परत घ्यायचा नाही."

"मग दादाकडे पोचवा. त्याला आवडतो ना."

रंगाऱ्याने झाकण ठोकलं आणि रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक पुढे केलं. मावशींनी पानं उलटली आणि डाळिंबी रंगावर बोट ठेवलं. रंगाऱ्याने मान खाजवली.

"रंग झकास आहे. पण तुमची ही मोठी भिंत पश्चिमेची, दुपारभर ऊन खाते. हा लाल दोन वर्षांत विटेल, फिका गुलाबी पडेल. त्या बाबतीत दादांचं म्हणणं..."

"दादाचं राहू द्या. भिंतीचं काय म्हणणं आहे ते सांगा."

रंगारी खुलला. असं त्याला कुणी विचारत नसे. त्याने खराट्याच्या काडीने भिंत खरवडून दाखवली; जुन्या चुन्याचे पापुद्रे हातात आले. खाली ओल होती, कारण पन्हाळीचा पाइप सांध्यात गळत होता. "आधी हा पाइप, मग भेगा, मग भिंत आठ दिवस वाळू द्यायची, मग अस्तर. हे न करता सोनं फासलंत तरी गळून पडेल. आणि लालच हवा असेल तर गेरूच्या जातीचा घ्या. तो उन्हाला दाद देत नाही."

मावशींना पटलं. डागाचं कारण न काढता नुसतं वरून झाकलं तर तो पुन्हा वर येतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पाइप बदलला. वाळलेल्या कोपऱ्यात रंगाऱ्याने गेरूच्या तीन छटांचे हातभर पट्टे मारले. मावशी सकाळ, दुपार, संध्याकाळ समोर खुर्ची टाकून बसल्या. पहिला संध्याकाळी तपकिरी व्हायचा. दुसरा भर उन्हात नारिंगी. तिसरा मात्र भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेसारखा, तिन्ही वेळा तसाच.

पाचव्या दिवशी दादा आला. पट्टे पाहून त्याचा चेहरा पडला.

"अगं, गल्लीत एक तरी घर असं आहे का? लोक नावं ठेवतील. एकट्या बाईने उगाच लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये."

"एकतीस वर्षं तळघरात होते, दादा. कुणाच्या डोळ्यांवर आले नाही. पुरे झालं."

"माझं ऐकायचंच नसेल, तर मी या घराची पायरी चढणार नाही."

मावशींना आठवलं, नवरा आजारी असताना हाच माणूस अकरा दिवस रुग्णालयाच्या बाकावर बसला होता. 

"पायरीला मी रंग देत नाहीये. ती आहे तशीच राहील. वाटेल तेव्हा चढ."

दादा निघून गेला.

दोन हात रंग बसला. ज्या दिवशी परांची उतरली, त्या दिवशी समोरच्या शिंप्याने विचारलं, "मावशी, अग्निशमन केंद्र काढलंत की काय?"

"बरं झालं," मावशी म्हणाल्या, "आता पत्ता सांगायला सोपं."

दादा दोन महिने फिरकला नाही. मावशी फोन करत. वहिनी बोलायची, तो आंघोळीला गेलेला असायचा. रविवारी दुपारी चारला कोण आंघोळ करतो, असं मावशींनी एकदाही विचारलं नाही. वाईट वाटायचं. पण बदामीचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मग एका दुपारी तो आला. रस्त्याच्या पलीकडे, रणरणत्या उन्हात छत्री न उघडता उभा राहिला. मावशी दाराशी आल्या.

"एवढा काही भडक दिसत नाही," दादा म्हणाला. त्याच्या परीने ती माघारच होती, आणि मावशींना ती कळलीही. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"भडकच आहे, दादा. मला भडकच हवा होता."

दादाने पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत भिंत पाहिली.

"बरं," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडून, पायरी चढून त्याने प्यायला पाणी मागितलं.