जाड बुडाचं पातेलं

बायको घर सोडून गेली तेव्हा भांडण असं काही झालंच नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस, ज्याला सगळे नुसतं मिस्त्री म्हणत, कामावरून परतला तर मेव्हण्याचा टेम्पो दाराशी उभा. ती जुन्या चादरीत भांडी गुंडाळत होती. माझी माझी तेवढी नेते, म्हणाली. भांड्यांचा खोका जड होता म्हणून मिस्त्रीने एका बाजूने हात लावला आणि दोघांनी मिळून तो जिन्याने खाली उतरवला. थोडे दिवस भावाकडे राहून येईन, असं ती म्हणाली, ते त्याने ऐकून घेतलं.

मागे राहिला एक नॉनस्टिकचा तवा. त्याच्यावर तो रोज अंडी करायचा. तव्याचा काळा थर सुटायला लागला होता, त्याचे टवके अंड्याला चिकटून यायचे. मोठे दिसले तर तो बोटाने काढायचा, बारीक खाऊन टाकायचा. चव कळत नव्हती, तेव्हा फरकही कळत नव्हता.

कामात मात्र खोट नव्हती. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेली माणसं दार बडवायची, शिव्या द्यायची, आणि हा बाहेरून शांतपणे सांगायचा, की दाराला टेकू नका, पाच मिनिटं धीर धरा. लोक म्हणायचे, माणूस भारी थंड डोक्याचा. तो खरं तर थंड नव्हता. आतून बधिर झाला होता, इतकंच.

अशातच एका रविवारी सकाळी सासूबाई आल्या. सांगून नाही, अशाच. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेल्या, तवा उजेडाकडे धरून पाहिला आणि कपाळाला आठी घातली. हे पोटात जातंय तुमच्या, म्हणाल्या, आणि तवा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग चप्पल पायात सरकवत त्यांनी विचारलं, किती खर्च करायची तयारी आहे. त्याने आकडा सांगितला. फार मोठा नव्हता. तेवढ्यात नीट बसवू, म्हणाल्या.

भांड्यांचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदाराने मिस्त्रीला बघितलं आणि चकचकीत सात भांड्यांचा सेट पुढे केला, काचेची झाकणं, लाल दांडे. सासूबाईंनी सेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या एकेक भांडं खाली उतरवून घेत होत्या, बुडावर बोटाने टिचकी मारत होत्या. पातळ बूड खणखण वाजायचं, जाड बूड ठक्क करून गप्प व्हायचं. काचेच्या झाकणाची पत्र्याची कड दाखवून म्हणाल्या, इथे खरकटं जाऊन बसतं, काडी घालून कोरत बसाल. भांड्यांच्या कानांचे खिळे आतून वर आलेत का, तेही त्या करंगळी फिरवून बघत होत्या.

लोखंडाची कढई मिस्त्रीला बरी वाटली. जन्मभर टिकेल, तो म्हणाला.

"टिकेल, पण लगेच पुसून तेलाचा हात लावायला हवा. तुम्ही दमून येणार, पाण्यात टाकणार आणि झोपणार. दोन दिवसांत गंज. स्टीलच घ्या. करपलं तर भिजत घालायचं, सकाळी घासायचं. ते रुसत नाही."

दुकानदार हसला. मिस्त्रीलाही हसायला हवं होतं, पण ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

जाड बुडाचं एक फ्राइंग पॅन ठरलं. मग पातेलं. मिस्त्रीने वरच्या फळीवरचं मोठं काढलं. सासूबाईंनी ते त्याच्या हातातून घेऊन परत ठेवलं आणि त्याच जातीचं लहान पुढे केलं. त्याने पुन्हा मोठ्याला हात घातला.

"आई, दोघांना हे लहान पुरायचं नाही."

सासूबाईंनी दुकानदाराकडे एकवार पाहिलं. तो पॅनचं वजन करण्यात गुंतला होता. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "लहानच घ्या. ती यायची नाही."

मग एकदा तोंड उघडलं म्हणताना त्या सगळंच बोलल्या. मुलीने दुसऱ्या गावात नोकरी धरली होती, खोलीसुद्धा घेतली होती. सांगायचं माझ्यावर सोपवलं, म्हणाल्या, आणि माझी इतके दिवस जीभ रेटेना. आज तरी सांगायचं म्हणूनच घरातून निघाले.

मिस्त्री ऐकत होता. आता आत काहीतरी होईल म्हणून त्याने वाट पाहिली. झालं काहीच नाही. सासूबाई गाळण्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते, हे त्याला दिसत होतं. त्यांना धीर द्यावा असं त्याच्या मनात आलं. त्याने लहान पातेलं उचललं आणि दुकानदाराला विचारलं, "याला झाकण येतं का?"

येत होतं. साधं, स्टीलचं.

घरी आल्यावर सासूबाई निघायच्या गोष्टी करू लागल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता मी इथे कोण म्हणून यायचं, तेच कळत नाही."

मिस्त्रीने विचार केला. "जेवून जा," तो म्हणाला.

त्या थांबल्या. त्यांनी त्याला पॅन आधी कोरडंच तापवायला लावलं, पाण्याचा थेंब टाकून तो मोत्यासारखा पळतो का बघायला लावलं, मग तेल. अंडी चिकटली नाहीत. भात मात्र त्याने जास्त वेळ ठेवला आणि तळाला लागला. दोघं वरचा वरचा काढून जेवली. मीठ कमी होतं. त्या उठून डबी घेऊन आल्या आणि त्याच्याही ताटात टाकलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या जिभेला मीठ कळलं. एवढंच, जास्त काही नाही.

जेवण झाल्यावर सासूबाई खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. रडून आणि चालून थकल्या होत्या. मिस्त्रीने पातेल्यात गरम पाणी ओतलं आणि तळाचा भात सुटेपर्यंत ओट्याशी उभा राहिला. मग त्याने नळ बारीक सोडला आणि आवाज होऊ नये म्हणून भांडं छातीशी धरून, गोल गोल, हलक्या हाताने घासायला लागला.