फोटोला न चालणारी डांगरी

मित्रांनो, मी एक जुनी डांगरी आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या कपड्यानं गोड बोलावं, आपल्या ठिगळांच्या आठवणी हळुवारपणे सांगाव्यात, असं तुम्हाला वाटत असेल. पण मला ते जमणार नाही. माझी गोष्ट ऐकलीत म्हणजे का ते तुमच्या लक्षात येईल.

गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध शिवलेला ढगळ, निळा, जाड सुती पोशाख म्हणजे डांगरी. यंत्रांजवळ राबणारी माणसं तो घालतात. माझ्या कापडाचं नाव तुमच्या मुंबईतल्या डोंगरीवरून पडलं, असं म्हणतात. मी जन्मले मात्र ग्रीसच्या किनाऱ्यावर, पेरामा गावातल्या एका शिवणखोलीत. बाहेर गोदीत दिवसभर लोखंडावर घण पडत आणि आत गारुफालियाबाईंचं मशीन खडखडत असे. मला त्यांनीच शिवलं. प्रत्येक शिवण दुहेरी घातली. बटणं कुठे अडकू नयेत म्हणून ती पट्टीखाली लपवली. तपासणीला आलेला माणूस मला उलटीपालटी करत म्हणाला, "बाई, हिला काही आकारच नाही हो!"

"तिला काय नवरी म्हणून मिरवायचंय?" गारुफालियाबाई मशीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "घालणाऱ्याला वाकता आलं, बसता आलं, झटक्यात काढता आली, की झालं."

तेवढ्यासाठीच माझा जन्म होता. आरमारातल्या एका जुन्या विनाशिकेवर मी जाऊन पोचले. जहाजाचं नाव 'नेरीस'. ते वाफेवर चालायचं. त्याच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, बॉयलरखाना होता. तिथे काम करणाऱ्या आर्गिरिस व्लामिस नावाच्या किडकिडीत माणसाच्या वाट्याला मी आले. मला अंगात चढवून तो आरशासमोर उभा राहिला आणि ओरडला, "अरे, कपडा मागितला होता, तंबू कुणी दिला?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला मान्थोस. कालिम्नोस बेटावरचा हा रुंद खांद्यांचा गडी स्पंज काढणाऱ्यांच्या घरातला होता. पाण्यात बुडी मारायचं सोडून आगीत का आलास, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "तिकडे ओलं होऊन होऊन कंटाळलो. इथे जरा वाळतोय!"

बॉयलरखान्यात एवढं गरम असायचं की वर डेकवर बर्फ पडला तरी खाली माणसं घामानं निथळायची. मी तो घाम प्यायले. तेल प्यायले, काजळी प्यायले. खाऱ्या पाण्यात धुऊन मला गरम नळावर टाकत आणि तासाभरात पुन्हा अंगात घालत. कोपरं विरली तेव्हा आर्गिरिसच्या बायकोनं, डेस्पोनं, त्याच्या वडिलांच्या जुन्या विजारीची ठिगळं लावली. एकदा वाफेचा एक नळ फुटला आणि माझी बाही उकळत्या पाण्यानं भिजली. आर्गिरिसनं पट्टी धरून असा हिसका मारला की सगळी बटणं एका दमात सुटली आणि मी त्याच्या पायाशी येऊन पडले. हाताला नुसती लाली आली. इंजिनांचे मुख्य अधिकारी दामिगोस साहेब म्हणाले, "आर्गिरिस, तुझ्याआधी या डांगरीला बढती द्यायला हवी." माझं आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच. मला ते पुरेसं होतं.

पण आर्गिरिसला ते पुरेसं नव्हतं. डेकवरचे खलाशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मिरवायचे आणि खालच्यांना 'कोळसे' म्हणायचे. धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात आर्गिरिस आणि मान्थोस कामावरून तसेच गेले, की दुकानदार आधी खुर्चीवर वर्तमानपत्र पसरायचा. तोंडानं काही म्हणायचा नाही, नुसतं पसरायचा. आर्गिरिस त्या वर्तमानपत्रावर बसून कॉफी प्यायचा, पण त्याची पाठ कशी ताठ व्हायची ते माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. म्हणून पुढे जे झालं त्याचा सगळा दोष मी त्याला देत नाही. कष्ट करणाऱ्यालाही चार लोकांत नीट दिसावंसं वाटतं. त्यात त्याचं काय चुकलं?

मग जहाजावर नवे कप्तान आले. वेर्गोतिस साहेब. त्यांच्या बुटांत तोंड दिसायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना डेकवर उभं करून सांगितलं, "जहाज म्हणजे देशाचा चेहरा. तोंड धुतल्याशिवाय घराबाहेर पडता का?" महिन्याभरात नवे कामाचे कपडे आले. गडद निळा शर्ट, अंगाबरोबर बसणारी पँट, खांद्यावर पट्ट्या, छातीवर नाव. कापड टेरिलीनचं. चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही, सुरीच्या धारेसारखी घडी दिवसभर हलत नाही. दुरून बघावं तर माणसं कशी कातीव दिसत!

मान्थोस तर हरखून गेला. "आर्गिरिस, बघ जरा. सिनेमातल्यासारखा दिसतो की नाही?"

"दिसतोस की. तिकिटं फाडणाऱ्यासारखा."

"जळ तू!" मान्थोस हसत म्हणाला. त्या दिवशी तो शब्द तोंडातून किती सहज निघाला होता!

कॉफीच्या दुकानात नव्या कपड्यात गेल्यावर कुणी वर्तमानपत्र पसरलं नाही. आर्गिरिस त्या संध्याकाळी घरी शीळ घालत गेला.

दामिगोस साहेब मात्र कप्तानांकडे गेले होते. आर्गिरिस तेव्हा मला घालून बाहेरचा वाफेचा नळ दुरुस्त करत होता, म्हणून मलाही ते ऐकू आलं. ते म्हणाले, "साहेब, वर हे कपडे घालू दे. पण खाली सुतीच हवं. हे कापड आगीला टिकणार नाही."

"आग लागतेय कशाला? तुम्ही आहात ना?" वेर्गोतिस म्हणाले. "दामिगोस, पाहुणे बॉयलरखाना बघायला उतरतात. त्यांना तिथे काय भिकारी दाखवायचे? आपण सगळे एक जहाज आहोत. वरच्यांना एक आणि खालच्यांना एक असं मी करणार नाही."

ऐकायला किती छान वाटतं, नाही? दामिगोस साहेब शिकलेले, धीराचे, पण त्या दिवशी "ठीक आहे, साहेब" म्हणून बाहेर आले. मित्रांनो, त्या शब्दांचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

हुकूम निघाला. जुन्या डांगऱ्या जमा करा, फाडा, पुसायला वापरा. माझ्या बहिणींच्या चिंध्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या. ज्या बाह्यांनी माणसांची कातडी वाचवली, त्यांनी आता बुटांना पॉलिश होऊ लागलं. डेस्पोच्या हातची ठिगळं फाडवेनात, म्हणून आर्गिरिसनं मला आपल्या कपाटाच्या तळाशी कोंबून ठेवलं. मला वाटलं, चला, निदान आठवण तरी आहे. पण तिथे अंधारात पडून राहण्यापेक्षा चिंधी होणंही बरं, असंही अधूनमधून वाटायचं.

वसंत ऋतूत परदेशी आरमाराचे पाहुणे जहाज बघायला येणार होते. डेकवर बँड सज्ज होता. खाली शेवटची साफसफाई चालली होती आणि जमिनीच्या लोखंडी फळ्यांखालचं तेलकट पाणी उपसायचं राहिलं होतं. ते काम आर्गिरिसकडे आलं. तो कपाटाशी आला, नवे कपडे उतरवून त्यानं नीट घडी करून ठेवले आणि मला बाहेर ओढलं. नीट ऐका हं. त्याला काही शहाणपण सुचलं होतं, असं नाही. नवे कपडे पाहुण्यांसमोर मळू नयेत, एवढ्याचसाठी त्यानं मला घातलं.

"अरे, तंबू परत आला!" मान्थोस बॉयलरसमोरून ओरडला. तो कडक घडीच्या नव्या पोशाखात उभा होता.

"दहा मिनिटं थांब. मग मीही माणसात येतो."

तेवढ्यात इंधनाच्या नळाचा जोड सुटला. तेलाचा बारीक फवारा तापलेल्या पत्र्यावर उडाला आणि क्षणात सगळी खोली पिवळी झाली.

आग दोघांनाही लागली. मी खोटं बोलणार नाही, मीही पेटले. सुती कापड जळतंच. माझी उजवी बाही आणि पाठ धडधडली. पण आर्गिरिसनं हिसका मारला, बटणं सुटली आणि मी खाली पडले. जिथे माझी राख झाली, तिथे ती नुसती झटकली गेली. त्याच्या दंडावर फोड आले, तेवढंच. मान्थोसची पँट मात्र जळाली नाही. ती वितळली. मेणासारखी वितळून त्याच्या पायांना चिकटली. तशाही अवस्थेत तो पुढे गेला आणि इंधनाची झडप फिरवून त्यानं बंद केली. फवारा थांबला. मग तो पडला. आर्गिरिस त्याची पँट काढायला धावला, तर मान्थोस किंचाळला, "नको! ओढू नको! ती येत नाही, मीच येतोय तिच्याबरोबर!"

मी तिथेच पायाशी पडले होते आणि ते वाक्य ऐकलं होतं. म्हणून मला गोड बोलता येत नाही.

आग विझवली. पाहुण्यांना जहाजाच्या दुसऱ्या बाजूला नेलं. वर बँड वाजत राहिला.

पुढे चौकशी झाली. या वेळी दामिगोस साहेब गप्प बसले नाहीत. पायांची ती अवस्था कपड्यानं केली, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांना उत्तर मिळालं, "आपला विषय नळाच्या जोडाचा आहे." मग आर्गिरिसला आत बोलावलं. त्याच्या दंडाला अजून पट्टी होती. त्याला विचारलं, कामावर असताना ठरवलेला गणवेश अंगावर का नव्हता? त्याची सुट्टी बंद झाली. ज्या डांगरीमुळे तो उभा होता, ती घातली म्हणून त्याला शिक्षा! मित्रांनो, माणसांचे कायदे मला कळत नाहीत. पण लाज कशाला म्हणतात, तेवढं कळतं.

मान्थोस कितीतरी महिने इस्पितळात होता. मांडीची कातडी काढून पोटऱ्यांवर लावली होती. बरं होत आलं तरी पायांना काहीच सोसेना. नवी चादर टोचायची, पायजमा टोचायचा. आर्गिरिस घरी येऊन जेवायचा नाही. एका रविवारी त्याच्यापुढे मसुराचं सूप आणि पाव ठेवत डेस्पो म्हणाली, "जुनं सुती द्या ना त्याला. शंभरदा धुतलेलं. बाळाच्या दुपट्यासारखं मऊ झालेलं असतं."

तिनं माझी जळकी बाही कापून नवी लावली, पाठीला ठिगळ जोडलं, मला साध्या साबणानं पुन्हा पुन्हा धुतलं. मी मान्थोसच्या अंगात गेले तेव्हा त्यानं श्वास रोखून धरला होता. मग हळूच सोडला. "टोचत नाही," तो म्हणाला. आणि एवढा मोठा गडी, भिंतीकडे तोंड करून रडला.

झडप बंद करून जहाज वाचवल्याबद्दल मान्थोसला पदक जाहीर झालं. समारंभ धक्क्यावर, वर्तमानपत्रवाले हजर, सगळ्यांनी पूर्ण पांढऱ्या गणवेशात यावं, असा निरोप आला. मान्थोस आला तो काठी टेकत, मला अंगात घालून, बाजूला आर्गिरिसचा खांदा धरून. एवढ्या पांढऱ्या रांगांत मी एकटी निळी, विटकी, ठिगळांची.

वेर्गोतिस साहेब पुढे आले. हलक्या आवाजात म्हणाले, "बाळ, हे असं चालणार नाही. आज तरी गणवेश घालायचा होतास."

"साहेब, घातला होता ना. त्या दिवशी."

"तसं नाही. फोटो निघणार आहे—"

"मग पदक त्या गणवेशाला लावा," मान्थोस म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "इस्पितळात विचारा, माझ्या पायांतून काढलेले तुकडे अजून असतील कुठेतरी! चुरगळलेले नसणार, साहेब. त्यांची घडी फार पक्की!"

वेर्गोतिसांनी फोटोवाल्याला खूण केली, फक्त छातीपासून वरचा घे. ती खूण मान्थोसनं पाहिली. त्यानं काठी आर्गिरिसकडे दिली, वाकला आणि माझे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले.

"आता काढा," तो म्हणाला. "इथून काढा."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. वेर्गोतिस साहेब त्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी पदक काढलं आणि ते माझ्या विटक्या कापडावर टोचलं. पांढऱ्या रांगेतून दामिगोस साहेबांनी सलाम ठोकला. पाठोपाठ सगळ्या 'कोळशां'नी ठोकला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. नुसता चेहरा.

नंतर बॉयलरखान्यात सुती डांगऱ्या परत आल्या. गुपचूप, कुठलाही हुकूम न निघता. चूक झाली, असं कुणी म्हणालं नाही. मान्थोस आता कालिम्नोसला असतो, वडिलांच्या होड्या रंगवतो आणि अजून मलाच घालतो.

मित्रांनो, मला जपा, अशी विनंती मी तुम्हाला करणार नाही. मी फाटले तर फाटले, माझी चिंधी करा. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणी चार माणसांना काय घालायचं ते ठरवेल. तेव्हा आरशाला नंतर विचारा. आधी तो कपडा स्वतःच्या अंगात घाला, आगीपुढे उभे राहा आणि मग हुकूम काढा. तेवढी हिंमत नसेल, तर त्या माणसांना त्यांच्या ढगळ, मळक्या कपड्यांत सुखानं राबू द्या. आणि ती तुमच्या दारात आली, तर खुर्चीवर वर्तमानपत्र पसरू नका.