कुलपाआडची शून्यं

मी एक टॅब बोलतोय. साधाच, एका कोपऱ्यात काच तडकलेला.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, सिनेमे, गाणी, नुसती ऐश! कसलं काय, विद्यापीठातल्या एका संशोधक पोरीच्या हाती लागलो. घराघरातली माहिती गोळा करायची, कॉम्प्युटरला चारायची आणि कुठल्या वस्तीला काय लागतं ते पालिकेला सांगायचं, हे तिचं काम. पोरगी भारी संशयी. कुणी प्रश्न गाळू नये म्हणून तिने माझ्यात सक्तीच करून ठेवली. आकडा भरला नाही तर पुढचं घर उघडणारच नाही.

मग मला सर्वेवाल्या ताईकडे दिलं. ही बाई मला पहिल्या दिवसापासून खटकली. कालव्यापलीकडच्या वस्तीत मला पिशवीतून काढायची, लहान मुलं शून्य, परत पिशवीत. मिनिटात घर खलास! म्हटलं, ही नक्की झाडाखाली बसून भरतेय.

कॉम्प्युटरने निकाल दिला. कालव्यापलीकडे लहान मुलंच नाहीत, तिथलं पाळणाघर बंद करा. शुक्रवारी अहवाल पालिकेत जाणार होता. तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक सर तर खूश. पण पोरीचं मन मानेना. ओळीने अडतीस घरं आणि एकही पोर नाही? सर म्हणाले, आता शंका पुरे, लिहून टाक.

तिने ताईलाच गाठलं, जरा चढ्या आवाजात विचारलं. ताईने शांतपणे मला टेबलावर ठेवलं.

"अगं, सकाळी अकराला माणसं कामावर, पोरं पाळणाघरात. दाराला कुलूप. तुझा हा ठोंब्या आकडा घातल्याशिवाय पुढे सरकेना. मग काय भरू, तूच सांग."

पोरीने त्या अडतीस घरांची यादी काढली.

त्याच संध्याकाळी दोघी मला घेऊन गेल्या. पहिल्याच दारात जुळी, त्यातल्या एकाने माझी काच चाटली. अडतीस घरांत एकेचाळीस पोरं निघाली.

पोरीने अहवाल मागे घेतला. सर म्हणाले, "सहा महिने मागे पडशील."

"पडते," ती म्हणाली.

पाळणाघर चालू आहे. पोरगी अजून तोच प्रबंध लिहितेय आणि मी तिच्या कपाटात, चार्जरशिवाय. इथे पडल्या पडल्या ताईची आठवण येते. उगाच तिच्यावर संशय घेत बसलो, घोळ माझ्याच पोटात होता.

आता माझ्या जागी नवा टॅब येणार म्हणे. येऊ दे. फक्त त्याला एक बटण जास्त द्या, 'माहीत नाही'चं. मला ते म्हणताच आलं नाही हो.