घरचा माणूस

दादूने आपले तीन सदरे पिशवीत कोंबले आणि दिल्लीच्या बंगल्याची किल्ली टेबलावर ठेवली.

"दांडीला जातो. आयशीकडं."

दोनदा निवडून आलेला खासदार चिंधू खुर्चीतून उठला नाही. सकाळीच पक्षाचे निरीक्षक खंडेराव बोईसरच्या या घरी येऊन गेले होते. "पन्नाशी आली, लग्न नाही, आणि तो कोळी सदा घरात. लोक बोलतात. तिकीट हवं तर त्याला हलवा. कोण तो तुमचा?"

"ड्रायव्हर," चिंधू म्हणाला होता. चहा घेऊन आलेला दादू दारातच थांबला होता.

अकरा वर्षं दोघे एकत्र होते. दिल्लीत पाहुणे यायचे त्या दिवशी दादू दुसऱ्या खोलीतली चादर मुद्दाम चुरगाळून ठेवायचा. सभागृहात चिंधू आश्रमशाळांवर बोलला, विहिरींवर बोलला. या गोष्टीसाठी त्याच्याकडे शब्दच नव्हता. पाचशे चेहऱ्यांत आपल्यासारखा आणखी कुणी असेल का, हे तो नुसतं पाहत राहायचा आणि थकून जायचा.

तिकीट मिळालं. वीस दिवस तो गावोगाव हात जोडत फिरला. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात, दिवस कलताना, जीप दांडीच्या कोळीवाड्यात शिरली. खंडेराव सोबत होतेच.

ओट्यावर दादूची आई येसूबाई सुके बोंबील निवडत होती. चिंधूने हात जोडले.

"मत देऊ की," ती मान वर न करता म्हणाली. "पन माजा पोर तुज्याजवल कोन व्हता, त्ये सांग. आल्यापासून धड जेवला नाय."

खंडेरावांनी घड्याळ पाहिलं. "आजी, तो ड्रायव्हर—"

"तुमाला नाय इचारलं."

चिंधूचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"घरचा माणूस," तो म्हणाला. "माझा."

शेजारच्या ओट्यावरची बाई निवडता निवडता थांबली. खंडेराव जीपकडे चालू लागले.

"येताय?" त्यांनी लांबूनच विचारलं.

चिंधूने नकारार्थी मान हलवली. जीप धूळ उडवत निघून गेली.

"बोईसरची एसटी कधी आहे?"

"गेली. आता उद्या सकालची." येसूबाईने पाटी बाजूला सरकवली. "त्यो आत हाय."

चिंधूने चपला काढल्या आणि वाकून आत गेला.