थिमीच्या चार भट्ट्या

काठमांडूच्या खोऱ्यात हवेतला धूर मोजणारी आमची सात यंत्रं आहेत, आणि उद्या हवा कशी असेल हे लुनिभा सातही ठिकाणांसाठी रोज पाच वाजता सांगते. सहा ठिकाणी तिचा शब्द खरा व्हायचा. सातवं यंत्र थिमीला, तिच्याच माहेरी, शाळेच्या गच्चीवर. ते मात्र हटकून तिच्या उलट वागायचं. ती म्हणाली चांगली, की थिमीत डोळे चुरचुरलेच. ती म्हणाली वाईट, की तिथून हिमालयाची शिखरं मोजून घ्यावीत.

मी बुद्धिमान तामाङ, त्या यंत्रांच्या गाळण्या बदलतो. वीस वर्षांत पुष्कळ डॉक्टरेटवाले शास्त्रज्ञ आले नि गेले. बहुतेकांनी धूर फक्त कागदावर पाहिलेला. लुनिभा कुंभाराची लेक. नुसत्या वासावरून सांगते, पेंढा जळतोय की टायर. म्हणूनच आमचे साहेब पौडेल सर यांचा कागद आला तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त भडकलो. वरच्यांना आता अंदाज परदेशी कंपनीकडून तयार विकत घ्यायचा होता. पुस-माघातले, ऐन थंडीतले साठ दिवस दोघांचेही अंदाज तपासायचे. लुनिभाचे प्रत्येक ठिकाणी साठांपैकी बेचाळीस बरोबर आले तर आमची अंदाजाची शाखा राहणार, नाहीतर कुलूप. सात वर्षं तिने घरदार विसरून ती उभी केली होती, आणि पहिल्या वीस दिवसांत एकट्या थिमीत सतरा चुका झाल्या.

तिला वाटलं यंत्र बिघडलं. मला ते लागलं, पण मी शिडी घेऊन तिच्याबरोबर गेलो. दिवसभर एकेक स्क्रू उघडून पाहिला. यंत्र ठणठणीत होतं. पाच वाजता तिने गच्चीवरूनच दुसऱ्या दिवशीचा अंदाज पाठवला आणि आम्ही बूड टेकायला चौकातल्या फल्च्याकडे, वाटसरूंसाठीच्या उघड्या पडवीकडे गेलो. तिथे ओसरीवर कुंभार मंडळी जमलेली, मधोमध तिचे बा अष्टभक्त प्रजापती, नाकावर चष्मा, हातात मोबाइल. आम्ही मागे उभे आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. पोथी वाचावी तसं ते वाचत होते: उद्या हवा चांगली, दुपारनंतर पश्चिमेचा वारा. मग चष्मा काढून म्हणाले, "माझ्या मैयाँने, माझ्या लेकीने सांगितलंय. लावा उद्या भट्ट्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मटकन खालीच बसलो आणि पोट धरून हसलो. लुनिभा मात्र भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.

नंतर चहा पिताना उलगडा झाला. थिमीची भट्टी म्हणजे मडक्यांची रास, वर पेंढा आणि राख. पहिल्या दिवशी नुसता धूर ओकते. आजूबाजूला सिमेंटची घरं झाल्यापासून शेजारी शिव्या घालायचे. बांनी तोडगा काढला: लेक चांगली हवा म्हणेल त्याच दिवशी पेटवायचं, वारा धूर घेऊन जाईल. लेक वाईट म्हणाली की कुणी काडीही ओढायची नाही. वर्षानुवर्षं कुणाचं न ऐकणारी ती सगळी म्हातारी मंडळी एका पोरीच्या अंदाजावर चालत होती, आणि तेवढ्यानेच तिचा अंदाज रोज खोटा पडत होता.

"बा, तुम्ही मला बुडवलंत," ती म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

बांचा चेहरा पडला. तिने त्यांना समजावलं: रोज चार वाजता फोन करून उद्या किती भट्ट्या लागणार तेवढं सांगायचं, आणि सांगितल्यावर बदलायचं नाही. धूर ती हिशेबात धरेल. बांनी हात जोडून शब्द दिला, जणू लेकीला नाही, दरबारालाच देतायत.

तिथून गाडी रुळावर आली. चारच्या ठोक्याला फोन यायचा: "तीन." "शून्य." "पाच, त्यातली एक छोटी." एकोणसाठाव्या दिवसापर्यंत थिमीत एकच चूक झाली. आता एकूण एकेचाळीस बरोबर होते, म्हणजे शेवटचा दिवस चुकून चालणार नव्हता. फोन आला: "चार." लुनिभाने लिहिलं, थिमी, वाईट. आणि साठाव्या दिवशी थिमीत हवा वाईट झाली, अगदी तिने लिहिली होती तितकीच. मी ऑफिसभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी गाळणी बदलायला थिमीला गेलो आणि माझे पेढे कडू झाले. बांच्या दारात दह्याच्या मडक्यांचा खच पडला होता, सगळी तडकलेली. शेजारच्या तीन भट्ट्यांत नुसती राख, आत एक मडकं नाही. मी लुनिभाला बोलावून घेतलं.

झालं होतं असं: फोननंतर पावसाची सर पडली, माती दमट राहिली, तिघा शेजाऱ्यांनी बेत रद्द केला. बांनी पहाटे स्वतःची ओली मडकी पेटवली आणि उरलेला धूर भरून काढायला शेजाऱ्यांच्या रिकाम्या भट्ट्यांत पेंढा जाळला.

"बा, कशाला केलंत हे?" ती विचारत होती आणि डोळे पुसत होती.

"चार म्हणालो होतो," बा म्हणाले. "माझं मडकं फुटलं तर मला कळतं. तू चुकलीस तर अख्ख्या खोऱ्याला कळतं."

तिने त्यांचा काळा झालेला हात हातात घेतला. मला तिला सांगायचं होतं की ऑफिसात हे बोलू नकोस, कुणाला कळणार नाही. मी ते सांगितलंसुद्धा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गाळणीच्या पिशवीत तोंड घातलं.

बैठकीत तिने सगळं सांगून टाकलं. शेवटचा दिवस माझा नाही, वडिलांनी घडवलेला आहे, तो वगळा, माझे एकेचाळीसच. मी दाराशी उभा होतो, कुलपाची किल्ली माझ्याच खिशात होती. पौडेल सरांनी दुसरा कागद पुढे ओढला. थिमीत कंपनीचे साठांपैकी सव्वीस आले होते.

"एवढं मोठं यंत्र त्यांचं," सर म्हणाले, "पण त्यांचा थिमीत बाप नाही." मग तोंड शक्य तितकं सरकारी करून त्यांनी लिहिलं की शाखा चालू ठेवावी आणि उरलेल्या सहा ठिकाणीही रोज चार वाजता फोन करणारं एकेक माणूस शोधावं.

त्या दिवशीही चारला फोन वाजला. लुनिभाने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"उद्या शून्य," बा म्हणाले. "माती ओली आहे. आणि मैयाँ, या वेळी खरंच शून्य हं."